तिलवारा घाटावरील वसंत : फुले, फुलपाखरे आणि छायाचित्रण

माघ सरत आला की नर्मदेच्या काठावरील पहाटेचा गारवा हळूहळू ओसरू लागतो. शिशिरात पाने गाळून बसलेला पळस एके दिवशी अचानक केशरी ज्वाळांनी पेटून उठतो आणि काटेसावरीच्या उघड्या फांद्यांवर लालभडक फुलांची गर्दी होते. ऋतूचे हे आगमन डोळे भरून पाहावे असे प्रत्येकालाच वाटते. ते छायाचित्रात टिपून ठेवावे, अशी इच्छाही आता बहुतेकांच्या मनात उमटते, कारण छायाचित्रणाचे साधन आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात आहे. मात्र साधन हाती असणे आणि दृष्टी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. फुलपाखराचे चांगले छायाचित्र कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा फुलपाखराच्या सवयींच्या ज्ञानावर अधिक अवलंबून असते. हे ज्ञान मिळवावे कसे आणि ते वापरावे कसे, याचा विचार जबलपूरजवळील तिलवारा घाटाच्या निमित्ताने करता येईल.

स्थळाचा परिचय

नागपूरहून रस्त्याने जबलपूरला येणाऱ्या मराठी प्रवाशाला शहरात शिरण्यापूर्वी नर्मदेचे दर्शन घडते ते तिलवाऱ्याच्या पुलावर. शहराच्या दक्षिणेस असलेला हा घाट ग्वारीघाटाच्या खालच्या अंगाला आहे. नदी येथून पुढे लम्हेटाघाटावरून भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांकडे जाते. मकरसंक्रांतीच्या पर्वात येथे भाविकांची मोठी गर्दी होते. आधुनिक इतिहासातही या परिसराला मानाचे स्थान आहे. मार्च १९३९ मध्ये राष्ट्रीय सभेचे गाजलेले त्रिपुरी अधिवेशन याच परिसरात भरले होते. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचे विसर्जन तिलवारा घाटावर झाले आणि त्याची स्मृती येथे जतन केलेली आहे.

निसर्ग अभ्यासकाच्या दृष्टीने या जागेचे महत्त्व वेगळे आहे. पावसाळा संपून नदीचे पाणी उतरले की काठावर गाळाचे आणि वाळूचे पट्टे उघडे पडतात. त्यांच्या मागे गवताळ उतार, शेतांचे बांध, झुडपांच्या रांगा आणि मोठी झाडे असा क्रम लागतो. ओल, ऊन, सावली, फुले आणि मोकळी जागा या पाचही गोष्टी थोड्याशा चालीच्या अंतरात एकत्र मिळणे, ही फुलपाखरे पाहणाऱ्यासाठी मोठीच सोय होय.

मध्य भारतातील वसंताचे स्वरूप

युरोपातील निसर्गग्रंथ वाचून वसंत म्हणजे फुलपाखरांचा सर्वांत मोठा हंगाम, अशी समजूत अनेकांची होते. तेथे बर्फ वितळल्यावर गवत उगवते, फुले येतात आणि कोषातून फुलपाखरे बाहेर पडतात. मध्य भारताचा क्रम निराळा आहे. येथे हिरवाई येते ती पावसाबरोबर. अळ्यांना कोवळा पाला पावसाळ्यात मिळतो आणि म्हणून फुलपाखरांची सर्वाधिक संख्या पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या प्रारंभापर्यंत दिसते. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यानंतरचा, तुलनेने लहान परंतु अभ्यासाला फार सोयीचा काळ आहे.

ही सोय दोन कारणांनी होते. पहिले कारण म्हणजे रान कोरडे होत जाते तशी फुलपाखरे ओल आणि मधुरस शिल्लक असलेल्या जागी, म्हणजेच ओढ्यांच्या व नद्यांच्या काठी अधिक सहज भेटतात. दुसरे कारण, गवत सुकून खाली बसल्यामुळे चालणाऱ्याला वाट आणि पाहणाऱ्याला दृष्टी मोकळी मिळते.

या ऋतूत आणखी एक नवल पाहण्यास मिळते. काही जातींची फुलपाखरे पावसाळ्यात एक रूप धारण करतात आणि कोरड्या ऋतूत दुसरे. पीकॉक पॅन्सी या नारिंगी फुलपाखराच्या पंखांच्या खालच्या बाजूस पावसाळी पिढीत ठळक डोळे दिसतात. कोरड्या ऋतूतील पिढीत ते जवळजवळ नाहीसे होतात आणि मिटलेले पंख वाळक्या पानासारखे भासतात. हिरव्या रानात शत्रूला चकविणारे डोळे उपयोगी पडतात, तर पाचोळ्यात पाचोळा होणे अधिक सुरक्षित ठरते. म्हणून एकाच जातीचे ऑक्टोबरमधील आणि मार्चमधील छायाचित्र शेजारी ठेवले तर पाहणाऱ्याला त्या दोन वेगळ्या जाती वाटाव्यात, इतका फरक असू शकतो.

आधी फूल, मग फुलपाखरू

फुलपाखरांच्या मागे धावणारा नवशिका सहसा रिकाम्या हाताने परततो. जाणता अभ्यासक मात्र प्रथम वनस्पती शोधतो आणि तिच्याजवळ थांबतो. फुलपाखराचे वनस्पतीशी दुहेरी नाते असते. प्रौढ फुलपाखरू मधुरसासाठी अनेक प्रकारच्या फुलांवर जाते, परंतु मादी अंडी घालते ती अळीला खाता येईल अशा मोजक्याच वनस्पतींवर. हे नाते ठाऊक असले की कोणते झुडूप पाहून कोणत्या फुलपाखराची वाट पाहावी, हे समजू लागते.

उकिरड्यावर आणि काठावर वाढणारी रुई ही प्लेन टायगरच्या अळीचे अन्न आहे. लिंबू, बेल आणि कढीपत्ता यांवर लाइम बटरफ्लाय अंडी घालते. बहाव्याच्या कोवळ्या पानांवर कॉमन एमिग्रंट, तर एरंडाच्या पानांवर कॉमन कॅस्टर वाढते. अंगणातील कढीपत्त्याची पाने कुरतडलेली दिसली की औषध फवारण्यापूर्वी पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा काळा-पांढरा ठिपका आहे का, ते पाहावे. बहुधा ती लाइम बटरफ्लायची लहान अळी असते. पुढे ती हिरवी होते आणि काही दिवसांनी कोषात जाते.

मधुरसाची फुले ओळखणेही तितकेच आवश्यक आहे. वसंतातील सर्वांत देखणी फुले फुलपाखरांची आवडती असतातच असे नाही. पळस आणि काटेसावर यांची मोठी, लाल-केशरी, भरपूर मधुरसाची फुले प्रामुख्याने पक्ष्यांना बोलावतात. पळसाच्या झाडाखाली कॅमेरा लावून बसणाऱ्याला मैना, बुलबुल आणि सूर्यपक्षी भरपूर भेटतील, फुलपाखरे मात्र थोडीच. उलट पायदळी जाणारी एकदांडी ही क्षुद्र वाटणारी वनस्पती उंच देठावर एकच इवलेसे पिवळसर-पांढरे फूल धरते आणि त्यावर ग्रास यलो, लहान निळी फुलपाखरे, पॅन्सी यांची सतत ये-जा असते. घाणेरीच्या रंगीत गुच्छांवर मोठी पाकोळी फुलपाखरे येतात. भुरुंडीच्या वाळक्या फांद्यांवर आणि खुळखुळ्याच्या झुडपांवर टायगर व क्रो वर्गातील नर गर्दी करतात. ते तेथे केवळ मधुरसासाठी येत नाहीत. या वनस्पतींतील विशिष्ट अल्कलॉइड द्रव्ये शोषून ते मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. एकदांडी आणि घाणेरी या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील. काठावर फुलणारा काटेरी पिवळा धोत्राही मेक्सिकोकडून आलेला. घाणेरी प्रौढ फुलपाखरांना मधुरस देते, पण रानात पसरून ती स्थानिक झुडपांची जागा बळकावते, म्हणजे अळ्यांचे अन्न हिरावून घेते. त्यामुळे घाणेरीवरील सुंदर छायाचित्र हे निरोगी रानाचा पुरावा मानण्याची घाई करू नये.

दिवसाचे वेळापत्रक

फुलपाखरू हा शीतरक्ताचा जीव आहे. शरीर पुरेसे तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही. या एका गोष्टीवर छायाचित्रकाराचे सारे वेळापत्रक आखता येते.

सूर्योदयानंतरचा पहिला तास फुलांसाठी राखावा. वारा पडलेला असतो, प्रकाश मऊ असतो आणि पाकळ्यांवर दव टिकून असते. त्यानंतर ऊन काठावर उतरू लागले की फुलपाखरे पंख पूर्ण पसरून उन्हाला बसतात. पंखांची वरची बाजू टिपण्याची सर्वोत्तम संधी हीच, कारण या वेळी त्यांची हालचाल मंद असते. नऊ-साडेनऊनंतर ती फुलांवर सक्रिय होतात. या वेळी बहुतेक फुलपाखरे पंख मिटून रस घेतात, तेव्हा खालची बाजू मिळते. ऊन चढले की ओल्या वाळूवर नरांचे थवे उतरतात. ते सोंडेने ओल शोषून तीतील सोडियमसारखे क्षार मिळवतात. अभ्यासक यास चिखलपान म्हणतात. एकदा त्यात रमलेले फुलपाखरू बराच वेळ जागा सोडत नाही. गुडघ्यांवर बसून, सावकाश सरकत जाणाऱ्याला ते अगदी जवळ येऊ देते.

काठावर काम करताना एक दक्षता घ्यावी. वरच्या अंगाला बरगी धरण असल्याने त्यातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यानुसार पात्रातील पातळी बदलू शकते. नजर कॅमेऱ्यात गुंतलेली असताना ओल्या दगडांवर व पाण्याच्या कडेला जाऊ नये आणि शक्यतो एकट्याने जाऊ नये.

कॅमेऱ्याचे तंत्र

सूक्ष्मचित्रणासाठी मॅक्रो लेन्स उत्तम. त्यातही सुमारे १०० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स अधिक सोयीची, कारण ५० मिलिमीटरच्या लेन्सपेक्षा तीत दुरून तेवढेच मोठे चित्र मिळते आणि फुलपाखरू बिचकत नाही. तथापि साधा डिजिटल कॅमेरा किंवा मोबाईल यांवरही अभ्यासयोग्य चित्र काढता येते. मोबाईल असल्यास डिजिटल झूम टाळून शक्य तितके जवळ जावे आणि चित्र नंतर कातरावे.

जवळून चित्र घेताना स्पष्टतेची खोली फार कमी होते, कधी कधी काही मिलिमीटर एवढीच. म्हणून अ‍ॅपर्चर एफ ८ ते एफ ११ दरम्यान ठेवावे. उडता जीव आणि हलते देठ लक्षात घेता शटरचा वेग सेकंदाच्या १/२५० भागापेक्षा मंद नसावा. प्रकाश अपुरा असल्यास आयएसओ ४०० ते ८०० पर्यंत वाढवावा. थोडे दाणेदार चित्र चालते, हललेले चित्र कामाचे नसते.

यापेक्षाही महत्त्वाचा नियम कोनाचा आहे. कॅमेऱ्याची मागची बाजू आणि फुलपाखराचे पंख एकमेकांना समांतर असतील तर पूर्ण पंख स्पष्ट येतो. पंख मिटलेले असल्यास बाजूने, फुलपाखराच्या पातळीवर उतरून चित्र घ्यावे. पंख उघडे असल्यास वरून घ्यावे. दोन्ही प्रसंगी डोळ्यावर फोकस असावा. डोळा धूसर असलेले चित्र, पंख कितीही रेखीव असले तरी, निर्जीव वाटते.

प्रकाशमापनात दोन ठिकाणी हमखास चूक होते. गडद झाडीपुढे बसलेले पांढरे किंवा पिवळे फुलपाखरू कॅमेरा प्रमाणाबाहेर उजळ करतो आणि पंखांवरील नाजूक रेषा पुसल्या जातात. पळसाच्या केशरी फुलांत तांबडा रंग इतका दाट असतो की पाकळीवरची मखमल नाहीशी होऊन नुसता रंगाचा डाग उरतो. दोन्ही वेळी प्रकाशभरपाई थोडी कमी, म्हणजे उणे एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप ठेवावी.

फुलपाखराजवळ जाताना स्वतःची सावली त्याच्यावर पडू देऊ नये. त्याची संयुक्त नेत्ररचना हालचाल चटकन टिपते, म्हणून झटका नको, सरळ रेषेतील संथ सरकणे हवे. पहिले चित्र थोडे दुरूनच घ्यावे. नंतर एकेक पाऊल जवळ जावे. अशा रीतीने फुलपाखरू उडून गेले तरी नोंदीपुरते चित्र हाती राहते. रानफुलाच्या बाबतीत केवळ फूल टिपून थांबू नये. पान, देठ, फळ आणि संपूर्ण झुडूप यांचे एकेक चित्र घेतल्यास नंतर ओळख पटविणे सोपे जाते.

ओळख पटविताना : एक उदाहरण

एकच चित्र पुरेसे का नसते, हे प्लेन टायगरच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. प्लेन टायगरची अळी रुई खाऊन ती शरीरात साठविते आणि प्रौढ फुलपाखरू पक्ष्यांना बेचव ठरते. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या जातीच्या मादीने नेमके हेच नारिंगी-काळे रूप धारण केलेले आहे. तिची अळी घोळीसारख्या निरुपद्रवी वनस्पतीवर वाढते. तरी केवळ वेषामुळे तिला संरक्षण लाभते. तिचा नर मात्र अगदी वेगळा, काळ्या पंखांवर पांढरे मोठे ठिपके असलेला असतो.

या दोघींतील भेद मागच्या पंखावर पाहावा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके असतात, मादीत तीन आणि नरात चार. डॅनेड एगफ्लायच्या मादीत हा समूह नसतो, वरच्या कडेजवळ एकच काळा ठिपका असतो. मागचा पंख धूसर असलेल्या चित्रावरून हा निर्णय करता येत नाही. म्हणूनच दोन्ही बाजूंची, पूर्ण पंखांची चित्रे घेण्याचा आग्रह अभ्यासक धरतात.

अनुकरणाचा हा विषय विज्ञानातही महत्त्वाचा ठरला आहे. कॉमन मॉर्मन या फुलपाखराच्या काही माद्या विषारी कॉमन रोझसारख्या दिसतात. हे रूप कोणत्या जनुकामुळे घडते, याचा उलगडा करणारे संशोधन २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याचे प्रमुख लेखक कृष्णमेघ कुंटे हे मराठी शास्त्रज्ञ आहेत.

नोंदीचे मोल

जबलपूर आणि विदर्भ एकेकाळी एकाच प्रांतात होते आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. नागपूरच्या संग्रहालयाने, म्हणजे लोकांच्या ओळखीच्या अजब बंगल्याने, १९३१ साली ई. ए. डी’अब्रू यांनी तयार केलेली मध्य प्रांतातील फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली. तीत १७७ जातींची नोंद होती. आज मध्य प्रदेश, छत्तीसगड किंवा विदर्भ यांतील फुलपाखरांवर काम करणारा संशोधक आपले निष्कर्ष या यादीशी ताडून पाहतो. त्या काळी नमुने जाळ्याने पकडून टाचणीला लावावे लागत. आज ते काम बहुतांशी छायाचित्र करू शकते.

पुढे कुंटे यांचा द्वीपकल्पीय भारतातील फुलपाखरांवरील ग्रंथ २००० साली आणि आयझॅक किहीमकर यांचा भारतीय फुलपाखरांवरील ग्रंथ २००८ साली प्रकाशित झाला. त्यामुळे सामान्य वाचकाला ओळखीचे साधन मिळाले. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मन या निळ्या-काळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. आता नागरिकांनी पाठविलेली छायाचित्रे स्वीकारून ती तज्ज्ञांकडून तपासून घेणारी संकेतस्थळेही उपलब्ध आहेत. मात्र चित्रासोबत दिनांक, वेळ आणि ठिकाण नसेल तर त्याचे शास्त्रीय मूल्य फारसे उरत नाही.

ब्रिटनमध्ये १९७६ पासून एका साध्या पद्धतीने फुलपाखरांची मोजणी चालू आहे. ठरावीक वाट, ठरावीक चाल, दर आठवड्याला एक फेरी आणि दिसलेल्या प्रत्येक फुलपाखराची नोंद, एवढीच ती पद्धत. तिलवाऱ्यासारख्या ठिकाणी कोणतेही कुटुंब ती अंगीकारू शकेल. सुमारे अर्धा किलोमीटरची वाट निवडावी आणि फेब्रुवारी ते एप्रिल दर रविवारी त्याच वेळी तीवरून चालावे. कोणते फूल उमलले, त्यावर कोण आले, ऊन होते की ढग, एवढे वहीत लिहावे. मुलांना जातींची नावे येत नसली तरी ‘पांढरी’, ‘पिवळी’, ‘निळी’ असे गट करून मोजता येते.

हौस आणि जबाबदारी

अशा नोंदींची निकड आज अधिक आहे. शहरे नदीकडे सरकत आहेत, काठ बांधले जात आहेत आणि स्वच्छतेच्या नावाखाली ‘माजलेले तण’ उपटले जात आहे. कचरा हटविणे आवश्यकच आहे, परंतु रुई, टाकळा, घोळ आणि एकदांडी यांना कचऱ्यात जमा केले तर त्यांवर जगणारी फुलपाखरेही जातात. त्यांचे जाणे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पूर्वी काय होते याची नोंद नसेल तर काय हरवले, हे सांगता येत नाही.

म्हणून छायाचित्रकाराचे वर्तन निर्दोष असले पाहिजे. चांगल्या चित्रासाठी फूल तोडू नये, मध्ये येणारी फांदी मोडू नये, हवी तर हाताने हळूच बाजूला धरावी. फुलपाखरू पकडून, थंड करून किंवा त्याला चिमटीत धरून घेतलेले चित्र फसवणुकीचे असते. मीलनात असलेल्या जोडीला किंवा अंडी घालणाऱ्या मादीला त्रास देऊ नये. भारतातील अनेक फुलपाखरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हेही ध्यानात ठेवावे.

बँकेच्या खातेदाराला लहान पण नियमित बचतीचे महत्त्व सांगावे लागत नाही. पासबुकातील एखादी नोंद क्षुल्लक वाटते, पण वर्षानुवर्षांच्या नोंदींतूनच पुंजी उभी राहते. निसर्गाच्या वहीचेही तसेच आहे. एका रविवारी काठावर दिसलेल्या सात पिवळ्या फुलपाखरांना आज फारसा अर्थ नसेल. दहा वर्षांनी त्याच वाटेवर कोणी पुन्हा मोजणी करील, तेव्हा तुलनेसाठी हाताशी असतील त्या याच नोंदी. येत्या फाल्गुनात पळस फुलेल तेव्हा कॅमेऱ्याबरोबर एक छोटी वही आणि पेन्सिल खिशात असावी.